संशोधनासाठी रुग्णाची संमती कशी घ्यावी

प्रबंधासाठी रुग्ण नोंदवायला सुरुवात करण्यापूर्वी नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते ना हे तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी हाती असावी लागते, आणि औषधाची चाचणी असल्यास पहिला सहभागी घेण्याआधी तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत करावी लागते. हा भाग चिकाटीचा आहे. अवघड भाग संमतीचा.

डहाणूहून पहाटेची लोकल पकडून आलेली बाई हातात केसपेपर घेऊन ओपीडीच्या रांगेत उभी असते. तिच्यापुढे फॉर्म सरकवला, तर ती एवढेच विचारते, "सही कुठं करू, डॉक्टर?" या प्रश्नाला संमती समजू नये. तिला बाजूला बसवून उद्देश, धोके, पर्यायी उपचार आणि वाटेल तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क तिच्या भाषेत सांगावा. 'यादृच्छिक विभागणी' असे न म्हणता, कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी उचलल्यासारखे ठरेल, डॉक्टरही ते निवडणार नाहीत, असे सांगावे. मग तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत ऐकावे. ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर पुन्हा पहिल्यापासून सांगावे. तिला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण संभाषणाला हजर हवा. अंगठ्यापुरता बोलावलेला वॉर्डबॉय चालत नाही.

१८९७ साली प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नसावा. उपचारासाठी आपल्यावर अवलंबून असलेल्या रुग्णाची अवस्था त्याहून फार वेगळी नसते, म्हणून शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः संमती घेऊ नये, आणि नकार दिल्यास उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

बुडालेली रोजंदारी आणि प्रवासखर्च भरून द्यावा. मात्र रक्कम मोह पडावा इतकी मोठी नसावी. सात वर्षांवरील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा. औषधचाचणीत गंभीर दुष्परिणाम झाल्यास तो २४ तासांच्या आत समितीला, प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि औषध नियंत्रकांना कळवावा लागतो. सही झालेल्या फॉर्मची प्रत रुग्णाला त्याच दिवशी द्यावी, आणि तिच्यावरचा फोन नंबर रात्रीही उचलला जातो ना, हे आधी स्वतः लावून पाहावे.