कॅन्सर संशोधनावर लोकांसमोर बोलण्याआधी

सभागृह, प्रोजेक्टर, पाण्याच्या बाटल्या हे आयोजक बघतील. व्याख्यात्याने आधी एवढं मनात पक्कं करावं की समोरच्यांत कुणाची किमो चालू असेल आणि कुणी नुकतंच घरचं माणूस गमावलेलं असेल. याच नजरेने एकेक स्लाइड तपासा. उंदरांच्या अंगावरच्या गाठींचे फोटो काढून टाका. स्कॅन दाखवायचाच असेल तर रुग्णाची लेखी परवानगी घेतली आहे ना, नाव आणि तारीख पुसली आहे ना, ते पाहा. ‘झुंज हरला’ ही भाषाही गाळा. गेलेला माणूस कुठेतरी कमी पडला, असाच अर्थ घरच्यांना त्यातून लागतो.

मग प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो कुठे दिसला ते लिहा: प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींत, उंदरात की माणसात. माणसात असेल तर चाचणीचा कितवा टप्पा, हेही. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध किती सुरक्षित आहे आणि डोस किती द्यावा ते बघतात, दुसऱ्यात गुण येतो का ते, आणि तिसऱ्यात प्रचलित उपचारांपेक्षा ते सरस ठरतं का ते. हे दोन मिनिटांत सांगून होतं, पण ते सांगितलं नाही तर ‘औषध सापडलं’ एवढंच घेऊन लोक घरी जातात.

आकड्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं आणि दोन्ही सारखेच घातक असल्याचा समज पसरला. खरं तर तो गट पुरावा किती पक्का आहे एवढंच सांगतो. धोका केवढा, हा वेगळा प्रश्न. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं म्हटलं की अनेकांना शंभरातल्या अठरा जणांना तो होणार असं वाटतं. मूळ धोका शंभरात ५ जणांना धरला, तर तो साधारण ६ जणांना होतो, असं सांगा. तुमच्या भाषणातली प्रत्येक टक्केवारी अशी माणसांच्या संख्येत मांडून बघा. जी मांडता येत नाही ती काढून टाका.

आशा देणारं एक उदाहरण जवळ हवंच, तेही तारखांसकट. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र वेगळं दिसतं, हे १९६० मध्ये लक्षात आलं. त्याच बिघाडावर नेम धरणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २००१ मध्ये, आणि या आजाराचं चित्रच पालटलं. मधली ४१ वर्षं गाळू नका. संशोधनाला वेळ का लागतो, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

संशोधनाला पैसा कुणाचा, हे सुरुवातीलाच सांगून टाका. संपूर्ण भाषण विज्ञानाशी संबंध नसलेल्या एखाद्याला एकदा ऐकवा आणि तो जिथे थांबवेल तिथला शब्द बदला. एक तास मिळाला असेल तर चाळीस मिनिटांत संपवा, उरलेला वेळ प्रश्नांना. प्रश्नासाठी कोऱ्या चिठ्ठ्या फिरवायला सांगा. स्वतःच्या आजाराबद्दल माईकवर बोलणं फार थोड्यांना जमतं. तुम्ही डॉक्टर नसाल तर कॅन्सरवर उपचार करणारे कुणीतरी शेजारी बसवा.

एवढं करूनही शेवटी कुणीतरी रिपोर्टांची फाइल घेऊन मंचाजवळ येतंच. तुम्ही उपचार सुचवायचे नाहीत, पण घाईने निघूनही जायचं नाही. त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना काय विचारावं ते कागदावर लिहून देता येतं: आजार कोणत्या टप्प्यावर आहे, उपचार बरं होण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी, आपल्याला लागू पडेल अशी नव्या उपचाराची एखादी चाचणी सुरू आहे का. त्यासाठी परतीचं तिकीट उशिराचं काढा आणि मंचापासून जरा दूर दोन खुर्च्या मांडून ठेवायला सांगा.