मुलांना कॅथलिक श्रद्धा घरातूनच कशी शिकवायची

धर्मशिक्षणाचा वर्ग आठवड्यातून एकदा, तोही तासभर. बाकी सगळा वेळ मूल आपल्या घरात असतं, त्यामुळे श्रद्धा शिकवायचं मुख्य काम आईबापाचं, फादर-सिस्टर मदतीला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं, पण आपल्या वसईत संध्याकाळी सगळं घर रोझरीला, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायच्या मरियामातेच्या प्रार्थनेला, बसायचं ते त्याच्याही आधीपासून. आता ट्यूशन, मोबाईल आणि उशिराची विरार लोकल यात ती रीत बऱ्याच घरांत सुटत चाललीय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. माझं सांगणं एकच, आधी हातापायाला सवय लावा, अर्थ मागून सांगा, मूल स्वतः विचारेल तेव्हा.

1. क्रूसाची खूण

दोन वर्षांच्या पोराचा हात हातात धरून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. रोज उठल्यावर, जेवायच्या आधी, झोपताना. शाळेची रिक्षा आली की दारातच त्याच्या कपाळावर अंगठ्याने छोटा क्रूस काढा, दोन सेकंदांचं काम आहे, पण काही दिवसांनी तुम्ही विसरलात तर पोरगं स्वतःच कपाळ पुढे करतं.

2. प्रार्थना, थोडी पण रोज

चार वर्षांच्या मुलाला अख्खी रोझरी म्हणायला बसवू नका, कंटाळेल आणि मग रोझरी म्हटलं की पळेल. दहा मणी पुरे. तेही त्याच्या हातात माळ देऊन, मणी तो सरकवणार, प्रत्येक मण्यावरच्या 'नमो मरिया' प्रार्थनेची सुरुवात तो करणार, बाकीचे मागून म्हणणार. आधी त्या रहस्याची, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या त्या प्रसंगाची, गोष्ट एका वाक्यात सांगा, म्हणजे समजा येशूचा जन्म असेल तर "गोठ्यात बाळ जन्मलं आणि मेंढपाळ बघायला आले" एवढंच, आणि मग विचारा की आज हे दहा मणी कोणासाठी? मुलं काय काय सांगतात! शेजारच्या आजीचा गुडघा, पाय मोडलेली मांजर, वर्गातली रडणारी मुलगी. कोणाचीही हसून वाट लावू नका, सगळ्यांसाठी म्हणा. झोपताना मात्र पाठ केलेलं नको, त्याच्या शब्दांत एक थँक यू आणि एक सॉरी.

3. मिस्सा

मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. तिथे मागच्या बाकावर बसलं की मुलाला फक्त लोकांच्या पाठी दिसतात, म्हणून पुढे बसा, वेदी दिसेल अशा जागी. शनिवारी रात्री रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग, घरात मोठ्याने वाचून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याला गोष्ट ओळखीची वाटते आणि तो कान देतो. आत शिरताना पवित्र पाण्याला त्याला उचलून घ्या. आज फादरांच्या झग्याचा रंग कोणता ते शोधायला सांगा, जांभळा, हिरवा, पांढरा, तांबडा, यातून वर्षभराचे काळ आपोआप कळत जातात.

शुभवर्तमानाच्या आधी आपण कपाळावर, ओठांवर आणि छातीवर तीन छोटे क्रूस काढतो ना, ते सावकाश करा, त्याला बघू द्या, आणि घरी आल्यावर सांगा की देवाचा शब्द डोक्यात राहो, तोंडात येवो आणि मनात ठरो म्हणून ते करतो. दानपेटीत टाकायचं नाणं त्याच्या खाऊच्या पैशांतलं असू द्या. आणि आपला मोबाईल घरी किंवा बंद, याला पर्याय नाही.

4. प्रथम ख्रिस्तशरीर

मूल मिस्सात पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घेतं ते हे. पोप पायस दहावे यांनी 1910 मध्ये त्याचं वय साधारण सातच्या आसपास आणलं, कारण मुलाला सगळं धर्मशास्त्र कळायची गरज नाही, साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यातला फरक कळला की झालं. आपल्याकडे मात्र फ्रॉक, हॉल आणि केटरर यातच महिने जातात. तेवढाच वेळ कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे चुका कबूल करण्याच्या, तयारीला द्या. त्याच्या चुका तुम्ही मोजून देऊ नका, शांत बसवून त्यालाच आठवू द्या, आणि त्या आठवड्यात तुम्हीही कन्फेशनला जा, लाईनीत त्याच्या पुढे उभे राहा.

5. वर्षभराचे सण

आगमन काळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक वाढवायची, पेटवायचं काम मोठ्याच्या हाताखाली मुलाचं. गोठा तयार आणू नका, माती-गवत मुलांना आणू द्या, बाळ येशू नाताळच्या रात्रीच ठेवा. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी घरच्या क्रूसामागे खोचून ठेवा, ती वर्षभर वाळते, मग पुढच्या वर्षी उपवासकाळाआधी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या त्यागाच्या दिवसांआधी, चर्चमध्ये परत द्यायची, तिथे त्या जाळून राखेच्या बुधवारची, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला लावायची, राख करतात. आपल्याच घरची झावळी कपाळावर राख होऊन येते हे कळल्यावर मूल त्या बुधवारी वेगळ्याच नजरेने रांगेत उभं राहतं. लहान मुलांना उपवासाचं बंधन नाही, पण चिप्सचे पैसे डब्यात टाकून गरिबाला देणं त्यांना जमतं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात न्या, आजोबांच्या कबरीवर फुलं त्यांनाच ठेवू द्या, मुलं मरणाला आपण समजतो तेवढी घाबरत नाहीत.

6. आपला संत, आपला शेजार

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जपानला गेले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रूसावर मारलं त्यात तेही होते, 1862 मध्ये ते संत जाहीर झाले. त्या 26 जणांत 12 वर्षांचा एक मुलगाही होता, हे सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकतात. मग वसईतल्या गास गावी संत गोन्सालोंच्या नावाच्या चर्चमध्ये घेऊन जा.

वर्गातल्या मित्राकडे गणपती आला की प्रश्न येणारच, आपण का नाही बसवत? चिडू नका. त्यांचं घर मनापासून आरती करतं, आपण मनापासून मिस्साला जातो, त्यांच्या देवाला हसायचं नाही आणि आपली प्रार्थना लपवायची नाही, एवढं सरळ सांगा.

7. तेरा-चौदाची झाली की

आता ओढून नेऊन उपयोग नाही, काम द्या. वेदीसेवा, कॉयर, आजारी माणसाच्या घरी भेट. मिस्सात बायबलचं वाचन करायला मिळालं तर आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने वाचून घ्या, कारण हबक्कूक आणि थेस्सलनीका ही बायबलमधली नावं पहिल्यांदाच माईकसमोर वाचायला लागली की पोरं परत नाव देत नाहीत.