जेट बोटीचे इंजिन तापले तर आधी जाळी तपासा

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून ओढलेले पाणी आतला इंपेलर (पात्यांचे फिरणारे चाक) मागच्या तोंडातून जोराने फेकतो आणि बोट पुढे जाते. बहुतेक बोटींत याच पंपातल्या दाबाच्या पाण्याचा एक फाटा इंजिन थंड ठेवण्यासाठी वळवलेला असतो. म्हणून तापल्याची सूचना मिळाली की पहिला संशय जाळीवर घ्यावा. मालवणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर तिथे प्लास्टिकची पिशवी, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा किंवा उथळ पाण्यातली वाळू अडकू शकते.

भोंगा वाजताच वेग उतरवावा, पोहणाऱ्यांपासून दूर जाऊन इंजिन बंद करावे आणि इंजिन बंद ठेवणाऱ्या मनगटाच्या दोरीची क्लिप स्विचवरून काढून घ्यावी. ओढ थांबली की जाळीला चिकटलेली पिशवी पुष्कळदा आपोआप सुटते. बोट डावी-उजवीकडे हलवली तर ती पिशवी सुटायला मदत होते. शाफ्टला (इंपेलर फिरवणाऱ्या दांड्याला) दोर गुंडाळला असेल तर तो किनाऱ्यावरच काढावा. इंजिन चालू असताना जाळीत किंवा मागच्या तोंडात हात घालणे म्हणजे बोटे गमावणे.

रेस वाढते पण बोट पळत नाही, असे असेल तर दोष जाळीत किंवा इंपेलरमध्ये शोधावा. बोट नेहमीसारखी पळते, मात्र बाजूने निघणारी पाण्याची धार बारीक झाली आहे, तर आतल्या नळीत वाळू किंवा मीठ साचले असण्याची शक्यता अधिक. काही बोटींत इंजिन थंड ठेवणारे कूलंट नावाचे द्रव आतल्या आतच फिरत राहते. तिथे कूलंटची पातळी पाहावी, पण गरम असताना झाकण उघडू नये.

बंद बोट ओढून आणताना अत्यंत हळू आणावी. वेगाने ओढल्यास पंपातून शिरलेले पाणी एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारी नळी) भरून सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली थंड पाण्याची नळी चिमट्याने दाबून ठेवावी. तापलेल्या इंजिनापेक्षा पाणी भरलेले इंजिन दुरुस्त करणे अधिक महागात पडू शकते, हे ओढणाऱ्यालाही आवर्जून सांगावे.

खाऱ्या पाण्यातून परतल्यावर दर वेळी इंजिनातला थंड पाण्याचा मार्ग नळाच्या गोड्या पाण्याने धुवावा. याचा क्रम पक्का आहे: आधी इंजिन सुरू, मग नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. पुन्हा पाण्यात उतरवण्यापूर्वी फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळले असेल, तर इंजिन सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे.