अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाढ कशी जोखावी

३७ आठवडे भरण्याआधी आलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. आमची लेक ३२व्या आठवड्यात झाली. परळच्या आमच्या चाळीत येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "अजून मान धरली नाही होय गं?" जीव कासावीस व्हायचा. म्हणून सगळ्यात आधी मोजणी नीट करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेभोवती गोल काढा आणि वाढ तिथून मोजा. बाळ ८ आठवडे आधी आलं आणि आज ५ महिन्यांचं असेल, तर मान धरायला, हसायला ते ३ महिन्यांचंच समजायचं. यालाच सुधारित वय म्हणतात. २ वर्षांचं होईपर्यंत असंच मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

डॉक्टरांनी होकार दिला की कांगारू पद्धत सुरू करा. बाळाला फक्त टोपी नि लंगोट. उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे, तोंड एका बाजूला, नाक मोकळं. दहा बाय बाराच्या खोलीत साडीचा पडदा लावला तरी पुरतं. बाबांनीही घ्यावं.

जागं असताना सतरंजीवर दोन-तीन मिनिटं पालथं घाला आणि जवळच बसून राहा. झोपवायचं नेहमी उताणंच. बोलताना चेहरा वीतभर अंतरावर ठेवा. बाळानं नजर वळवली, बोटं फाकवली, उचकी लागली, की ते दमलंय. तिथेच थांबा. हे ओळखता येणं कुठल्याही खेळण्यापेक्षा मोलाचं.

मालिश हलक्या हातानं. पाय धरून उलटं लटकवणं, सांधे ओढणं अजिबात नको. मालिशवाल्या मावशी रागावल्या तरी चालेल. चाकांचा वॉकरही नको.

३४ आठवड्यांआधी जन्म किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फारच लवकर आलेल्या बाळांची त्याहूनही आधी. कानांचीही करून घ्या.

सुधारित वयानं ३ महिने झाले तरी नजर मिळत नाही, ४ महिन्यांनंतरही मुठी घट्टच, उचलल्यावर पाय कात्रीसारखे ताठ, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, यातलं काही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. लगेच दाखवा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत बाळ हमखास झोपतं, म्हणून घरी मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्या.