जेलमधल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची फिल्म करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परदेशी फिल्ममधली जेल जशीच्या तशी उचलायची. दोघांचीच कोठडी, रात्रभर एकांत वगैरे. अहो, आपल्याकडे बहुतेक कैदी बराकीत असतात, एका हॉलमध्ये अंगाला अंग लागून झोपलेली माणसं आणि रात्रभर चालू लाइट! एकांत मिळतच नाही, हीच तर तुमची गोष्ट आहे. मग गिनतीच्या रांगेत मुद्दाम मागेपुढे बसणं, एकाच बादलीत दोघांचे कपडे भिजवणं, असं काहीतरी शोधा ना.

पट्ट्यापट्ट्यांचे ड्रेस तर शिवूच नका. देशात चारातले साधारण तीन कैदी कच्चे असतात, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली लागलेला नसतो, आणि कच्चा कैदी घरचेच कपडे घालतो. खर्च तर वाचतोच, पण गोष्ट पण मिळते, कारण कच्च्या कैद्याचा जामीन कधी होईल काही सांगता येत नाही, म्हणजे एकाचा झाला की सगळी बराक त्याला शुभेच्छा देणार आणि दुसऱ्याने पण हसतच द्यायच्या.

बलात्काराचा सीन टाकून पुढे त्याचंच प्रेम झालं असं दाखवू नका, प्लीज. खूप स्क्रिप्ट इथेच बिघडतात.

काळ पण नीट ठरवा. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान लोकांच्या संमतीच्या संबंधांना कलम 377 मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमातून, बाहेर काढलं, त्यामुळे आजच्या गोष्टीत जेलर त्या कलमाची धमकी देत असेल तर ते चुकीचं आहे.

बजेट नाही म्हणून रडत बसू नका. फ्रेंच लेखक ज्याँ जने स्वतः जेल भोगलेला माणूस, त्याने 1950 मध्ये एक छोटी फिल्म केली, एकही डायलॉग नाही. एक कैदी भिंतीच्या भोकातून गवताची काडी सरकवतो आणि सिगरेटचा धूर पलीकडच्याला पाजतो. भिंत, काडी, धूर, एवढ्यातच सगळं आलं!

जवळिकीचा सीन शूटच्या दिवशी बघू म्हणून ढकलू नका. कुठे हात लागणार, कुठे नाही, हे दोन्ही नटांशी आधीच बोलून घ्या, सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवा, बाकीच्यांचे मोबाईल बाहेर.

गोडाऊनमध्ये शूट करताना आवाज घुमत असेल तर फ्रेमच्या बाहेर गोधड्या टांगा. ट्यूबलाइट फ्लिकर होत असेल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 सेकंदावर आणा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे.