गेम अडकतोय? नवं कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

गेमिंग पीसी कुरकुरायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डवर येतो. मराठवाड्यात मात्र आधी भिंतीतला बोर्ड, खोलीतला उकाडा आणि फुकट उतरवलेला गेम तपासावा. कार्ड शेवटी.

इन्व्हर्टर आहे, तरी पीसी रिस्टार्ट होतो

लाइट गेली, पंखा फिरत राहिला आणि पीसी तेवढा बंद पडला, तर आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला 40 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, यूपीएस मोडमध्ये 10 च्या आसपास. पीसीच्या आतला चांगला पॉवर सप्लाय (वीज पुरवणारा डबा) पुऱ्या लोडवर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. पंख्याला हा फरक कळत नाही, पीसीला कळतो.

यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरी खातो. शेतवस्तीवर घर आणि शेतीपंप एकाच लाइनवर असतील, तर मोटारी सुरू झाल्या की हेच होतं. तिथे इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गेमिंग पीसीला नकोच. अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज नीट खेचणाऱ्या सर्किटचा) पॉवर सप्लाय त्यावर गुणगुणतो किंवा ट्रिप होतो. प्युअर साइन वेव्हच घ्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

याचा अर्थ अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून गळणारा थोडासा करंट जमिनीत जायचा, तो बॉडीवर थांबतो. वायरमनकडून मल्टीमीटरने मोजून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त नको, आणि फेज-अर्थचा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास हवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा.

एक जुगाड मात्र कुणी सुचवला तरी करू देऊ नका: बोर्डातच अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडणं. झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर फेज येतो. हा जिवाशी खेळ आहे.

अर्धा तास झकास, मग फ्रेम पडतात

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर जातो. खोलीच 38 अंशांवर असेल, तर कितीही महाग पंखा लावा, प्रोसेसर त्याखाली येणार नाही. तापमान मर्यादेला भिडलं की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःच वेग कमी करतात. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) शेजारी लावून बघा. एक वर चढत असताना दुसरा घसरत असेल, तर निदान झालं. कार्डची पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा आणि फ्रेम सेकंदाला 60 वर बांधा. वेग बहुतेक वेळा थोडाच कमी होतो, उष्णता बरीच घटते.

कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले की पांढरे क्षार बोर्डावर बसतात. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डाला लावलेली असणं, रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असणं, 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वर न राहणं, हे पाच मिनिटांत तपासून होतं.

"गेम फार किचकट आहे, पैसे वाया गेले"

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परतावा मिळतो. पण मोठ्या स्ट्रॅटेजी गेमचं ट्यूटोरियलच हे 2 तास खाऊन टाकतं, आणि शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होताना गेम उघडा असेल तर तोही वेळ धरला जातो. म्हणून असल्या गेमचा तासाभराचा खेळ आधी यूट्यूबवर बघा. किचकटपणा हा दोष नव्हे. तो आपल्याला झेपतो का, एवढं पैसे भरण्याआधी कळायला हवं.

क्रॅक

अँटीव्हायरस बंद करून टाकलेल्या क्रॅक गेमनंतर (कुलूप तोडून फुकट वाटलेल्या) पीसी रिकामा असतानाही कार्ड तापलेलं असेल, तर कुणीतरी त्यावर क्रिप्टो खणत असण्याची शक्यता धरा. नुसता गेम काढून भागत नाही, विंडोज नव्याने टाका.

कायदाही बघा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि 50 हजारांपर्यंत दंड करू शकतं. गेमिंग कॅफेवाल्याला ही सवलत नाही.

दुसरीकडे, विकत घेतलेला गेमही कायमचा आपला असतोच असं नाही. युबिसॉफ्टने 2014 च्या 'द क्रू'चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात इंटरनेटविना चालणारा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो उतरवून वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. नुकसान होऊ नये म्हणून स्वतःसाठी बॅकअप ठेवायला कलम 52 परवानगी देतं. तोच पेनड्राइव्हवर मित्राला दिलात की ती परवानगी संपते.