ओट्याखालची कपाटं रंगवायला घेताय?

आतापर्यंत मी चार स्वयंपाकघरांतली कपाटं रंगवली. त्यातलं पहिलं, म्हणजे आमचंच, दोनदा.

कोथरूडचा आमचा फ्लॅट वीस वर्षं जुना, कपाटांना चॉकलेटी सनमायका. सुताराने नव्या शटरांचा, म्हणजे कपाटांच्या दारांचा, आकडा सांगितला आणि मी त्याच संध्याकाळी ऑइलपेंटचा डबा नि एक ब्रश घेऊन आले. महिना जुलै. शटरं ओल्या फडक्याने पुसली, वर रंग मारला. बाहेर आठवडाभर रिपरिप, आत रंग चिकटच. दिवाळीत चकल्या तळताना गॅसजवळच्या दाराला नख लागलं आणि रंगाचा पापुद्रा उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा निघून आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो उचलून केरात टाकला, एवढंच.

नंतर सोसायटीच्या जिन्याला रंग द्यायला एक वयस्कर रंगारी आले होते, त्यांना ते दार दाखवलं. त्यांनी गॅसच्या बाजूच्या फळीवर हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर चोळली. "ताई, तुम्ही रंग लाकडावर नाही, फोडणीवर मारलाय."

हे एक वाक्य पाठ करा. नऊ दिवसांच्या कामात रंगाचे हात मारणं मोजून तीन दिवसांचं आहे. बाकी सगळं धुणं, घासणं आणि वाट बघणं.

आधी दार कशाचं आहे ते बघा. प्लायवर सनमायका असेल किंवा जुना ऑइलपेंट असेल, तर काम होतं. मेंब्रेनची शटरं, म्हणजे वरून प्लास्टिकचा पातळ पडदा ओढलेली, कडेला सुटायला लागली असतील तर त्यांच्या नादी लागू नका. पडदा रंगासकट सुटतो. सिंकखालचं दार पाणी पिऊन फुगलं असेल तर तेही बदलाच. फुगलेल्या कडेवर कितीही लांबी (पुट्टी) भरा, पुढच्या पावसाळ्यात ती परत वर येते.

पेठांतल्या जुन्या घरात लाकडी फडताळं असतील तर वेगळी काळजी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना आजीकडे पाठवा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

शटरं उतरवताना प्रत्येकाला नंबर द्या. मी पहिल्यांदा कागदी टेपवर नंबर लिहून चिकटवले. धुताना टेप वाहून गेली आणि चौदा शटरांचं कोडं सोडवत बसले. आता मी बिजागरीसाठी जो ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा असतो, त्यात पेन्सिलीने लिहिते. तिथे रंग जात नाही, पाणी लागलं तरी पेन्सिल पुसत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. बिजागरीला रंग लावू नका, ती करकरायला लागते.

मग धुणं. अर्धी बादली गरम पाणी, त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे. खाण्याचा सोडा नव्हे, तो इथे पुरा पडत नाही. घासणीच्या हिरव्या बाजूने घासा, दोनदा साध्या पाण्याने पुसा. परीक्षा सोपी आहे: पांढरं सुती फडकं दाबून फिरवायचं. पिवळं आलं की पुन्हा सोडा. हँडलभोवतीची जागा आणि गॅसवरच्या कपाटाची खालची कड मला तिसऱ्या वेळी पांढरी मिळाली. धुतल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या. उभ्या दाराच्या खालच्या कडेत पाणी साठतं, म्हणून उलटीसुलटी करून ठेवा.

त्यानंतर पॉलिश पेपर. सनमायकाला १८० किंवा २२० नंबर पुरतो. उद्देश सोलणं हा नाही, नुसती चमक मारायची. दार उजेडाकडे तिरकं धरलं की जिथे अजून चकाकतं, तिथे प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, धरणार नाही. खाली तपकिरी थर दिसायला लागला तर हात आवरा. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या खुणा उमटतात. एक रंगकामाचा दुकानदार मला ठामपणे म्हणाला होता, "घासायची गरज नाही मॅडम, आपला प्राइमर घासल्याशिवाय बसतो." ऐकू नका.

प्राइमर मात्र साधा वूड प्राइमर नको. गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा मागा, "सनमायकावर मारायचाय" असं सरळ सांगा. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास गेलात तर ब्रश, फोमचा रोलर, पेपर सगळं एका फेरीत होतं. फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

रंग ऑइलपेंट की पाण्यातला एनॅमल? माझं मत पाण्यातला. ऑइलपेंट कडक होतो हे खरं, पण त्याचा वास बंद घरात दिवसेंदिवस राहतो आणि पांढरा रंग कपाटाच्या अंधाऱ्या भागात पिवळा पडत जातो. शिवाय तो पातळ करायला लागणारं टर्पेंटाइन पेट घेतं. ते वापरणार असाल तर गॅस सिलिंडरपासून बंद, खिडक्या उघड्या. लिटरभर रंगात साधारण शंभर चौरस फुटांवर एक हात होतो. आमची चौदा शटरं दोन्ही बाजूंनी आणि चौकटी मिळून तेवढंच भरलं, म्हणून दोन हातांना दोन लिटर.

शटर चार उपड्या वाट्यांवर आडवं ठेवायचं. आधी मागची बाजू, ती वाळल्यावर दर्शनी. खाचा ब्रशने, सपाट भाग रोलरने, आणि थर इतका पातळ की पहिल्या हातानंतर दार फाटक्या चादरीसारखं दिसलं पाहिजे. इथेच नवखे घाबरतात आणि जाड हात मारतात, मग ओघळ. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ पूर्ण द्या आणि ३२० चा पेपर अलगद फिरवून घ्या.

हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. हवा कोरडी असते. फक्त बाल्कनीच्या कडक उन्हात दारं ठेवू नका, वरचा थर आधी वाळून सुरकुत्या पडतात. आणि कबुतरं! आमच्या तिसऱ्या शटरवर एक पीस असं बसलं की अख्खी बाजू पुन्हा घासावी लागली. हॉलमध्ये जुन्या साड्या अंथरून काम करा. जेवणाचं म्हणाल तर आम्ही ते नऊ दिवस पोळी-भाजी केंद्राच्या जिवावर काढले.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नव्हे. पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर नुसत्या मऊ फडक्याने पुसायचं, घासणी बंद. दाराच्या आत जिथे चौकटीला टेकतं तिथे छोट्या पारदर्शक टिकल्या चिकटवा, नाहीतर ताजा रंग रंगाला चिकटतो आणि उघडताना टर्र आवाज येतो.

उरलेला रंग जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरून झाकणावर शेडचा नंबर लिहून ठेवा. माझी बाटली आतापर्यंत दोनदा उघडली. दोन्ही वेळा सिंकजवळच्या दारासाठी, कारण कुकर उतरवताना त्याचा दांडा तिथेच लागतो.